नजीरचा माल

डबा फिरत होता आणि आरिफाचे पाय पायडलवर चालत होते. डोळे भिंतीला लागलेले. भिंतीवर पाहण्यासारखं काही नव्हतं.

"झाकण तपास," सासू ओसरीतून ओरडली. "मांगच्या खेपेले अर्धी रेती जमिनीनंच खाल्ली."

आरिफानं डबा थांबवला, झाकण ठोकून बसवलं, पुन्हा पाय सुरू केले.

तो डबा म्हणजे सासूचं, शमसुन्निसाचं डोकं. त्या सालांत कापसाला कोणी विचारत नव्हतं. पुसदच्या भागातल्या जिनिंगा एकामागून एक कुलपं लावत होत्या आणि चालत होते ते फक्त भंगारवाले. तिचा लेक, आरिफाचा नवरा नजीर असंच एका बंद जिनिंगचं टिनाचं शेड उतरवत होता, वरून पडला तो उठलाच नाही. शेडचे गंजलेले नटबोल्ट त्यानं आधीच पोत्यांनी घरी आणून टाकले होते. साफ करून विकू म्हणाला होता. माणूस गेला, पोती राहिली.

आरिफा इद्दतीत बसली. नवऱ्यामागं बाईनं उंबरा न ओलांडता काढायचे ते दिवस. ती रडली नाही. जेव म्हटलं की जेवायची, नीज म्हटलं की निजायची. कधी भाकरीचा घास तोंडात तसाच राहायचा, चावायचंच विसरून जायची. शमसुन्निसानं काही दिवस हे पाहिलं. मग एका सकाळी तिनं मोडक्या खाटेची लाकडं काढली, त्यांना भोकं पाडून घरातली दोन लाटणी आडवी बसवली, एका लाटण्याच्या टोकाला लहानशी पुली ठोकली आणि शिलाई मशीनचा पट्टा तिच्यावर चढवला. लाटण्यांवर रंगाचा रिकामा डबा. घसरू नये म्हणून त्याला सायकलच्या ट्यूबचं कडं. डब्यात बोल्ट आणि नाल्याची रेती. पायडल मारलं की लाटणं फिरे, लाटण्यावर डबा फिरे, आणि आतल्या आत घासून गंज सुटे. लाईनचा भरवसा नव्हता, पायाचा होता.

"बस इथं," ती सुनेला म्हणाली. आरिफा बसली.

शेजारची कशफ नाक मुरडत आली. "इद्दतीत हे काय खडखड, शमसूआपा? लोक काय म्हनतीन?"

"इद्दतीत उंबऱ्याभायेर जायची मनाई हाय, हातपाय हालवायची नाही. अन् लोकायले सांग, आमच्या घरी रोट्या लाटायले लाटनं उरलं नाही. ज्याले लय बोलायचं असन त्यानं आपलं आनून द्यावं."

इद्दत सरली तशी उमरखेडहून अरसलान आला. आरिफाचा थोरला भाऊ. मूल नाही, बाळ नाही, बहिणीला तिथं कशाला ठेवायचं? त्यानं एक बिजवर पाहून ठेवला होता. आरिफाला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर तिला ऐकू गेलं असतं की नाही, कोण जाणे.

"नेजो," शमसुन्निसा म्हणाली. "पन नजीरचा माल साफ झाल्यावर. घरधन्याच्या मालावर जंग ठेवून सून घर सोडत नाही आमच्यात."

असा रिवाज अरसलाननं कधी ऐकला नव्हता. पण खालाच्या तोंडाला कोण लागणार? तो पोत्यात डोकावला, चहा पिऊन परत गेला. पुढच्या महिन्यात आला, पोतं तेवढंच. त्याच्या पुढच्या महिन्यातही तेवढंच.

"खाला, हे पोतं हाय का विहीर?"

"तुह्या बहिनीचे पाय हायेत बापा, इंजन नाही."

आरिफाच्या हे ध्यानात येत नव्हतं. गंजलेले भरायचे, फिरवायचे, चकचकीत झालेले परातीत टाकायचे. परात सासू उचलून मागं न्यायची. "गिऱ्हाइकासाठी रचून ठेवतो," म्हणायची. मागच्या सरपणाच्या खोलीत सुनेला जाऊ द्यायची नाही, विंचू आहेत म्हणायची.

एकदा डब्यातून काढलेला बोल्ट आरिफाला हातात कोमट लागला. घासून घासून तापला होता. तिनं तो मुठीत धरून ठेवला. थंड झाला तसा परातीत टाकला आणि दुसरा उचलला.

आज अरसलान जीप करूनच आला.

"आज नेतोच, खाला. माल राह्यला तर राह्यला."

शमसुन्निसा तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. "ने ना. तुही बहीन हाय. मी काय पाय धरू तुहे?" सुपातले खडे सोडून ती तांदूळच वेचून फेकत होती.

"आरिफा, पेटी बांधायले दोरी आन," भाऊ म्हणाला. आरिफा उठली. दोरी घरात दिसली नाही तशी ती मागं गेली आणि सरपणाच्या खोलीचं दार ढकललं.

जमिनीवर ओलं बारदान पसरलं होतं. त्याच्यावर बोल्ट मांडले होते, जवळ जवळ, पापड वाळत घालावेत तसे. तिनंच घासलेले. काही अजून चकाकत होते, काहींवर तांबूस डाग धरले होते, काही पार गंजले होते. बाजूला पाण्याची बादली आणि जाड्या मिठाची अर्धी पिशवी.

आरिफा उभी राहिली. पुढच्या दारातून सासूचा आवाज येत होता, "अन् तुह्या त्या बिजवराच्या तोंडात दात तरी हायेत काय रे?"

आरिफाच्या घशातून काहीतरी वर आलं. हसू होतं की दुसरं काही, तिचं तिलाच कळलं नाही. तिनं ओढणी तोंडाशी धरली.

"आरिफा! भेटली काय दोरी?"

दोरी समोरच खुंटीला होती.

"नाही भेटली, भाईजान," ती म्हणाली, आणि मिठाची पिशवी अख्खी बारदानावर उलटी केली.