लाल पंपाचे सहा महिने

डॉक्टर मडावींनी दहा वर्षांच्या मैनाच्या दातांवर यंत्र फिरवलं. कोणत्या वयात कुठलं पाणी पोटात गेलं, हे ते दातांचे थर वाचून सांगायचं.

“डाग वरवरचे आहेत. दात कोरायला नको, जरा घासून डाग बुजवणारं पातळ रेझिन मुरवू,” त्या म्हणाल्या. “पण दोन ते अडीच वर्षांची असताना ही लाल पंपाचं पाणी प्यायलीय.”

गावात दातांवर डाग पाडणाऱ्या, जास्त फ्लोराइडच्या पाण्याचा पंप लाल रंगवलेला होता, पिण्याचा हिरवा. तेव्हा मैनाची आई नर्सिंग शिकायला चंद्रपूरला होती आणि मैनाला आजी सांभाळायची. पुढे दातांवर डाग दिसले तसा तिनं सासूलाच दोष दिला आणि म्हातारी जाईपर्यंत तिच्याशी अबोला धरला.

“पाणी मीच भरायचो,” मैनाचा बाप दौलत ठामपणे म्हणाला. “हिरव्यावरूनच.”

“बरं. चूळ भरायला तिला तो हिरवा पेला द्या.”

समोर दोनच पेले होते. त्यानं एक उचलून पुढे केला.

मैना तोंडावर हात ठेवून हसली. “बाबा, हा लाल आहे. डॉक्टर, घरीही यांचं असंच असतं.”

दौलत हसला नाही. पेला हातात धरून तो त्याचा रंग शोधत राहिला.