दुसरी हाक

“आलं वोऽ.”

शेताच्या खालच्या धुऱ्यावरून, बांधावरून, रुपाबाईची हाक आली आणि देवमननं निमूट पाटाचं पाणी गव्हाच्या पुढच्या साऱ्यात, लांब वाफ्यात, वळवलं. हाक त्याची नव्हती. रुपाबाई शेजारच्या रतनसिंगची बायको. पण दोन्ही शेतांना कालव्याचं एकच दार होतं, पाणी दोघांत निम्मं-निम्मं चाले, आणि तिची हाक आली की ह्याचाही सारा शेवटपर्यंत भरलेला असे. दुसऱ्याच्या बायकोच्या हाकेवर आपलं शेत भिजवायचं. देवमनला ते उष्ट्या ताटात जेवल्यासारखं वाटे.

गहू वाढला की वरच्या टोकाला उभ्या माणसाला खालचं टोक दिसत नाही. पाणी पोचलं की नाही, हे खाली उभं राहून कोणीतरी सांगावं लागतं. बायको लिलाबाई होती तोवर ती सांगे. तिनं “आलं वो” म्हटलं की तो “हो” म्हणे. लग्न झालं तेव्हापासून हेच. मागच्या वर्षी, गहू पेरायच्या आधी, ती काविळीनं गेली. तो ‘हो’ देवमनच्या घशातच राहिला.

रुपाबाईचं मात्र एका हाकेत भागत नसे. आधी ती आपल्या बंजारा तांड्याच्या बोलीत काहीतरी ओरडे. बाभळींच्या पलीकडून रतनसिंग “हां” म्हणे. थोड्या वेळानं दुसरी हाक येई, ती मराठीत. त्या दुसरीला रतनसिंग उत्तरही देत नसे. बाई दिवसभर चिखलात उभी राहते, दोन-दोन भाषांत हाका मारते, आणि ह्याच्या तोंडून साधा हो निघत नाही. ज्याच्या घरात असतं त्याला किंमत नसते, असं देवमन मनाशी म्हणे आणि फावडं जरा जोरानंच मारी. दुपारी ते दोघं नवरा-बायको बाभळीखाली भाकर खायला बसत. देवमन त्यांच्याकडे पाठ करून आपला डबा उघडी.

पाणी वापर संस्थेचा तो अध्यक्ष होता. यंदा कालव्याला पाणी देणारा तलाव लवकर खाली गेला. शेवटच्या पाळीआधी पाटबंधारेवाल्यांनी सांगितलं की थोडं पाणी नाल्यात सोडावंच लागेल. खालच्या गावांची गुरं त्यावर आहेत, डोहातले मासे त्यावर आहेत, आणि नियमही तसाच आहे. म्हणजे कोणाचा तरी वाटा कापावा लागणार होता. बैठकीत सगळे एकमेकांकडे पाहू लागले.

देवमन म्हणाला, रतनसिंगचं शेत सगळ्यात शेवटी, नाल्याला लागून आहे. त्याचा वाटा तसाच खाली सोडला तर थेंबही वाया जाणार नाही. बोलणं इतकं सरळ होतं की कोणी हरकत घेतली नाही. ज्याची त्याची पाळी वाचली होती. ओंबीत दाणा भरत होता, हे पाणी चुकलं तर रतनसिंगचा गहू चिमणार, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. रतनसिंगनं वर पाहिलं आणि एवढंच म्हणाला, “अध्यक्षसाहेब आता मासोयांचे बी अध्यक्ष झाले.” लोक हसले. देवमनही हसला. घरी जाताना त्याच्या मनात आलं, ह्या पाळीला धुऱ्यावरून हाका येणार नाहीत. बरं झालं.

दुसऱ्या दिवशी तो कालव्याच्या दारापाशी गाळ काढत होता, तर रुपाबाई आली. बाई भांडायला आली, असं समजून त्यानं नियम तोंडाशी तयार ठेवला. ती भांडली नाही.

“भाऊ, आमाले पानी नाई, हे समजलं,” ती म्हणाली. “पन तुमच्या पाळीले मी धुऱ्यावर येऊ का नोको?”

“तुमाले पानीच नाई, त येऊन कोनाले हाक देसान?”

रुपाबाईला नवल वाटलं.

“तुमाले. मालकाले त मी आमच्या बोलीत सांगतो. त्याहीले मराठीत काहून हाक मारीन? दुसरी हाक तुमचीच राह्यते. लिलाबाईनं दवाखान्यात जाताना सांगतलं होतं, माह्या मांगं आमच्या मालकाले खाली-वर चकरा माराले लावू नोको. मले वाटलं, तुमाले मालूम हाय. तुमी हो म्हनत नाई, पन पानी त वळवता.”

देवमनच्या हातातलं फावडं गाळातच रुतून राहिलं. ती आपल्या शेताकडे निघून गेली.

त्याच संध्याकाळी त्यानं संस्थेच्या लोकांना पुन्हा बोलावलं. रतनसिंगची पाळी रतनसिंगलाच राहील आणि नाल्यात माझा वाटा जाईल, असं सांगितलं. कोणीतरी कारण विचारलं. तो म्हणाला, माझी चूक झाली होती.

पाळीच्या दिवशी देवमननं आपल्या गव्हात पाणी घेतलं नाही. धुऱ्याच्या कडेचा पाट सरळ नाल्यापर्यंत मोकळा केला आणि नेहमीसारखा वरच्या टोकाला जाऊन उभा राहिला. खालून तांड्याच्या बोलीतली हाक आली. रतनसिंग “हां” म्हणाला. मग बराच वेळ काही ऐकू आलं नाही. पाटातलं पाणी त्याच्या पायाशी वळत होतं, खाली जात होतं.

“गेलं वोऽ,” खालून रुपाबाई ओरडली, “नाल्यात गेलं.”

“होऽ,” देवमन म्हणाला.