आलासानची कबर

"फावडं हळू मार," म्बायची बायको कुंबा म्हणाली. "शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की. त्यांच्याही चुली वाचतील," म्बाय म्हणाला.

पहाटेची नमाज नुकतीच झाली होती. अंगणातला वाळूचा ढीग माणसाच्या लांबीचा झाला, तसं म्बायनं त्यावर जुनं जाळं अंथरलं. ग्वेत-न्दार वस्तीतल्या कोळ्यांच्या कबरीवर जाळं असतंच.

गेल्या वर्षी घरांची पुढची रांग समुद्रानं नेली होती. आता समुद्र अडवायला सरकार भिंत बांधणार होतं आणि आखणी नेमकी त्यांच्या अंगणातून गेली होती. चूल आणि पुढची खोली पाडणार, मागची एक खोली भिंतीच्या आत राहणार. नऊ माणसं एका खोलीत कशी मावणार? पण कबर उकरून पाया खणत नाहीत, हे म्बायला ठाऊक होतं. पलीकडच्या वस्तीत कब्रस्तान लागलं तशी आखणी वळली होती.

"नाव कुणाचं सांगायचं?"

"आलासानचं."

आलासान त्याचा धाकटा भाऊ. बारा वर्षांपूर्वी होडीसकट बुडाला, देह मिळालाच नाही.

कुंबाच्या हातातली जपमाळ थांबली. "मेलेल्याच्या नावानं खोटं बोलायचं?"

"समुद्रानं त्याला कबर दिली नाही, ती आपण देतोय. यात खोटं काय?"

दुपारी आखणीवाली यासिन नकाशाची गुंडाळी घेऊन आली. अंगणात येताच थबकली.

"म्बायबाबा, ही मागच्या खेपेला दिसली नव्हती."

"तेव्हा वर मासे वाळत होते, पोरी."

"कबरीवर मासे?"

"कोळ्याला आणखी काय हवं असतं?"

यासिन हसली नाही. तिनं चपला काढल्या, दोन्ही तळवे उघडून दुआ मागितली. 'आमीन' म्हणताना कुंबानं तोंड फिरवलं. यासिननं तिच्या खांद्यावर हात ठेवला. मग तिथंच वाळूत बसून नकाशावरची रेघ खोडली आणि नवी ओढली.

कुंबानं चहा केला. पहिला पेला झाला, दुसरा झाला. म्बायला राहवलं नाही.

"भिंत समुद्राकडे किती सरकली, पोरी?"

"समुद्राकडे कशी सरकेल? तिकडे पाया टिकत नाही, बाबा." यासिननं नकाशा त्याच्याकडे फिरवला. "भिंत मशिदीच्या मागून जाईल. ही सगळी गल्ली समुद्राच्या बाजूला राहील, पण तुमच्या भावाला कुणी हात लावणार नाही."