मेस्त्रीचं नाक

"मंगल, जरा वास घे ह्याचा."

डोळे न उघडताच मंगलला कळलं, नाकापुढे स्पार्क प्लग धरलाय. रात्रपाळी करून ती सकाळी घरी आली होती आणि स्वयंपाक उरकून नुकती कुठं आडवी झाली होती. वरव्याजवळच्या कारखान्यात रातभर उभ्यानं खोकी भरायची, आणि दिवसा पत्र्याच्या भिंतीपलीकडं नवऱ्याच्या गॅरेजची ठोकाठोक ऐकत झोपायचं. ठोकाठोकीची सवय झाली होती. ह्या उठवण्याची होत नव्हती.

"तेल," ती म्हणाली आणि कूस बदलली.

"नक्की?"

"व्हय."

कुमार बाहेर गेला.

करोनात त्याचा वास गेला तो परत आलाच नाही. भाजी करपली तरी त्याला पत्ता नसायचा. त्याचं एवढं काही वाटलं नसतं, पण गॅरेज चालायचं ते त्याच्या नाकावर. काळा, ओला प्लग हुंगून तो इंजिन न खोलता सांगायचा, आत तेल जळतंय की पेट्रोल जादा होतंय. तेवढ्यासाठी माणसं वेल्ह्याच्या डोंगरातून इतक्या लांब यायची. नाक गेलंय हे कुणाला कळू द्यायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं आणि ती बरं म्हणाली होती. गिऱ्हाईक आलं की 'पाना आणतो' म्हणून तो प्लग मुठीत धरून आत यायचा.

पत्र्यापलीकडं आता बाजीनाना होते. पासली गावचे म्हातारे, जुनी मोटारसायकल, जुनं गिऱ्हाईक.

"प्लगवर तेल हाय, नाना," कुमार सांगत होता. "ऑईलबी कमी झालंय. म्हंजे आतनं जळतंय. पिस्टनच्या रिंगा गेल्या. इंजिन खोलाय लागंल."

"आन् हे भाईरनं ओघळलंय ते?"

"ते किरकोळ. वरच्या झाकणाचं पॅकिंग. खरं दुखणं आत हाय."

"किती दिस लागत्याल?"

"सिलिंडर पुण्याला धाडावा लागंल. आठवडा धरा."

नाना म्हणाले, "आमच्या म्हातारीला, चंद्राबाईला, एक दिसाआड वेल्ह्याला पट्टीला न्ह्यावं लागतं. साखरंनं पाय चिघळलाय तिचा. येष्टीची पायरी तिला चढवत न्हाई." मग ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "बगतो. उचलून चढवीन."

मंगलनं उशीत तोंड खुपसलं. तिनं वास घेतलाच नव्हता. काल आलेले प्लग तेलाचेच निघाले होते, म्हणून आजही तेल. पेट्रोल म्हटलं असतं तर थोडं का जादा, असं कुमार पुन्हापुन्हा विचारत बसला असता. तेल म्हटलं की लवकर सुटका व्हायची.

पान्यांची पेटी उघडल्याचा आवाज आला. झोप लागली असती तर बरं झालं असतं. लागेना.

ती उठली. गाऊनवर टॉवेल पांघरला आणि तशीच गॅरेजात आली. नाना फळकुटावर बसले होते. कुमार इंजिनापाशी उकिडवा बसला होता. तिला बघून त्यानं डोळ्यांनीच 'काय?' केलं. तिनं सीटवर ठेवलेला प्लग उचलला आणि नानांच्या देखत नाकाला लावला. डोकं भणभणलं.

"पेट्रोल हाय," ती म्हणाली.

"मघाशी तेल म्हणालीस."

"मघाशी म्या वास घेतला न्हवता. झोपंत व्हते."

कुमार तिच्याकडं बघत राहिला. मग त्यानं हात पुढं करून चोकची दांडी चाचपली. ती अर्ध्यात अडकलेली होती. खाली ढकलली तरी पुन्हा वर येत होती. त्यानं पाना पेटीत ठेवला.

"इंजिन ठीक हाय, नाना," तो हळू म्हणाला. "चोक अडकलाय. पेट्रोल जादा होऊन प्लग भिजतोय. ऑईल कमी झालंय ते भाईरच्या गळतीनं. पॅकिंग बदलून देतो. आजच न्या."

नानांना गाडीचं कळलं. दुसरं काही तरी कळायचं राहिलं होतं. त्यांनी एकदा मंगलकडं बघितलं, एकदा कुमारकडं.

"मला वास येत न्हाई," कुमार मान खाली घालून म्हणाला. "करोनापास्नं. तीच सांगती."

नानांनी मंगलच्या हातातला प्लग घेतला, हुंगला. पुन्हा एकदा हुंगला.

"पेट्रोलच हाय की," ते म्हणाले. "मग पोरीची झोप कशाला मोडली, मेस्त्री? मला नाक न्हाई व्हय?"

कुमारनं चिंधी घेऊन इंजिनावरचा तेलकट चिखल पुसायला सुरुवात केली. मंगल आत येऊन पडली.

नानांची गाडी घाटाच्या दिशेनं गेली, तेव्हा ती अर्धवट गुंगीत होती. त्यानंतर काही वेळानं दुसरी कुठली तरी गाडी खोकत येऊन थांबली. सवयीनं तिचे डोळे उघडले. ती दाराकडं बघत राहिली. दार हललं नाही.

पत्र्यापलीकडं कुमारचा आवाज आला. जरा अडखळत, पण तिला ऐकू येईल असा.

"एवढं हुंगून सांगा. मला वास येत न्हाई. पेट्रोल हाय का तेल?"

गिऱ्हाईक काय म्हणालं, ते ऐकायला मंगल जागी नव्हती.