धूर येण्याआधी

वृंदाताई कुंडी छातीशी धरून लिफ्टमधून बाहेर पडल्या. कुंडीतलं झाड तळहाताएवढंच. दातेरी कडांचे छोटे छोटे जबडे मातीलगत उघडे होते आणि त्यांच्यामधून एक दांडा सरळ वर गेला होता. टोकाला पांढऱ्या फुलांचा झुबका.

सोळाव्या मजल्यावरच्या गॅलरीत ही फुलं उमलली, पण त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. नोएडात तेवढ्या उंचीवर धूळ यायची, कबुतरं यायची, मधमाशी नाही. वृंदाताईंनी बारीक ब्रशने परागकण लावून पाहिले. ब्रशचा धक्का लागून एक फूल देठासकट गळून पडलं. मग त्यांनी ब्रश ठेवून दिला. रिटायर झाल्यापासून त्या कुणाच्या दारी गेल्या नव्हत्या. आज सोसायटीच्या बागेत मधमाशी शोधायला उतरल्या होत्या.

पिटुनियाच्या वाफ्याजवळच्या बाकावर त्यांनी कुंडी ठेवली. मार्चचं ऊन कललं होतं. वाफ्यावर चार-दोन मधमाश्या होत्या, पण इकडे येईनात.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या समोरच्या फ्लॅटमधली मुलगी फोनवर बोलत होती. लिफ्टमध्ये 'गुड मॉर्निंग' म्हणण्यापलीकडे दोघींची ओळख नव्हती.

"हो गं आई, जेवले. वरणभात केला होता. चल, ठेवते."

वृंदाताईंनी चमकून पाहिलं. "मराठी आहेस?"

"अय्या, तुम्हीपण? मी सुखदा. दोन वर्षं झाली मला इथे!" ती हसली, मग कुंडीकडे पाहून सरकून जवळ आली. "हे किडे खाणारं झाड ना?"

"हो. फुलं आलीत. या फुलावरून त्या फुलावर मधमाशी फिरली, तर बी धरेल."

"पण हे तर तिलाच खाऊन टाकेल, काकू."

"म्हणून तर दांडा एवढा उंच. जबडे खाली, पोटासाठी. फुलं वर, लांब. येणाऱ्याला भीती नको."

तेवढ्यात गेटकडून फॉगिंगचं मशीन धडधडत आलं. लोक मुलांना हाका मारत आत पळाले. मशीनवाला वाफ्यापाशी थांबला. "आंटी जी, अंदर जाइए. मच्छर की दवा है."

वृंदाताई उठून कुंडीसमोर उभ्या राहिल्या. "भैया, थोड़ा रुक जाइए. मधुमक्खी आने वाली है."

"अच्छा? टाइम लिया है उसने?"

आपण काय मागतोय हे वृंदाताईंना स्वतःलाच ऐकू आलं, आणि चेहरा तापला. कुंडी उचलायला त्या वाकल्या.

"भैया, पहले पार्किंग कर लो ना," सुखदा म्हणाली. "इधर लास्ट में."

त्याने खांदे उडवले आणि मशीन पार्किंगकडे वळवलं.

दोघी बसून राहिल्या. पार्किंगमधून धूर वर चढताना दिसत होता. सुखदाने फोन उलटा करून ठेवला. वाफ्यावरची एक माशी उठली, कुंडीभोवती घिरटी घालून खाली उतरली, जबड्यांच्या अगदी जवळ. सुखदाने वृंदाताईंचं मनगट घट्ट धरलं. माशी वर आली. फुलावर बसली, आत शिरली, बाहेर पडली. मग दुसऱ्या फुलावर. मग तिसऱ्या. आणि उडून गेली.

"झालं?" सुखदाने कुजबुजत विचारलं.

"झालं असेल. महिना-दीड महिन्यात कळेल. काळं, चकचकीत बी असतं. तुला दाखवीन."

सुखदाने मनगट सोडलं. "काकू, मी शुक्रवारी बंगळुरूला शिफ्ट होतेय. नवा जॉब."

"अच्छा," वृंदाताई म्हणाल्या. "छान."

पार्किंगचा कोपरा ओलांडून धूर बागेत आला, तशा दोघी निघाल्या. सोळाव्या मजल्यावर सुखदाने कुलूप काढलं. दारातच खोक्यांची चळत होती.

"बांधाबांध राहिलीय सगळी."

"हो, हो. जा तू."

तिचं दार लागलं. आतून चिकटपट्टी ओढल्याचा आवाज येऊ लागला.

वृंदाताईंनी कुंडी गॅलरीत ठेवली, खिडक्या लावून घेतल्या. मग स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहाचं आधण ठेवलं, आणि परत येऊन घराचं दार सताड उघडलं.