बारशाचा रोल

"अगं बाई, काळाकुट्ट! जळला हा रोल," दमयंतीआत्या म्हणाली. "चल निशा. उगाच तुझा हट्ट."

निशा हलली नाही. वडिलांच्या कपाटात तिच्या बारशाच्या फोटोंचा रोल सापडला होता, सत्तावीस वर्षं न धुतलेला. बारशानंतर चार महिन्यांत आई गेली. घरात तिचा एकच फोटो, भिंतीवरचा, स्टुडिओत झगझगीत दिव्यांखाली काढलेला, ब्लॅक अँड व्हाइट. त्यात ती गोरीपान. आत्या तो आल्यागेल्याला दाखवायची. "आई अशी, आणि ही बघा, कुणावर गेली कोण जाणे!" उद्या मुलाकडचे येणार होते. त्यांनाही दाखवणारच होती.

गुलमंडीतल्या या खोलीत कारभारी चाळीस वर्षं फिल्म धूत होता. न कळता बोलणाऱ्यांचा त्याला भारी तिटकारा. तो निशाशीच बोलला.

"जळला नाय. काळी दिसती ती चांदी हाय. उजेड पडला तिथं चांदी बनती, आन् तिच्या अंगाला रंग धरतो. आता ब्लीचमधून काढली की चांदी जाती. रंग तेवढा राहतो."

"ब्लीच तर हिच्या तोंडालाही लावतो आम्ही दर महिन्याला," आत्या हसली. "काय उजेड पडला?"

काय जीभ म्हणायची ही! निशानं आत्याकडं पाठ केली.

फिल्म धुऊन झाली. कारभारीनं ती दिव्याच्या काचेवर ठेवली आणि निशापुढं भिंग धरलं. आत्यानं ते मधेच ओढलं.

"हे बघ! मांडीवर तू, ही वहिनी. कशी लख्ख उजळ! मी काय खोटं सांगत होते? आणि शेजारी ही काळीढुस्स कोण? कुणाची तरी कामवाली दिसते. मेली फोटोत पुढं पुढं!"

"बाई, हे निगेटिव्ह हाय," कारभारी म्हणाला. "ह्यात सगळं उलटं. उजळ दिसती ती सावळी." त्यानं भिंगातून पाहिलं, मग पहिल्यांदाच आत्याच्या तोंडाकडं पाहिलं. "आन् ह्या कामवालीच्या गालावर पांढरा तीळ हाय. तुमचा काळा हाय, व्हय ना?"

आत्याचा हात गालावर गेला.

निशानं मोबाईलवर फोटो काढून रंग उलटे केले. हिरव्या साडीतली सावळी आई. निशानं आपला हात पडद्याशेजारी धरला. बराच वेळ धरला.

"आत्या, उद्या त्यांना हाच दाखवू," ती म्हणाली. "यात तूपण आहेस."