घडीव आकडा

हिरामणनं आकड्यावर हातोडी दोनदा वाजवली आणि मान हलवली. आवाज बद्द आला. हिरवा रंग, मनगटाएवढी जाडी, लष्कराच्या लिलावात साहेबानं हौसेनं घेतलेला तो आकडा दिसायला दांडगा होता. पण होता बिडाचा, ओतलेला.

खालापूरला हमरस्त्यालगत हिरामण लोहाराची भट्टी होती. समोर साहेबाची मोटार उभी होती आणि तिच्यामागं दोन चाकांवरचं एक पिटुकलं घर. खिडक्या, पडदे, आत बिछानेसुद्धा. मोटारीला घर जोडणारा जुना आकडा झिजून गेला होता आणि पुढं बोरघाट होता. हिरामणनं सकाळपासून खपून बैलगाडीच्या जुन्या आसाचा नवा आकडा घडवला. तो काळा होता, बारीक होता. साहेबाच्या डोळ्यांत तो काही भरेना. त्यानं मोटारीतून आपला हिरवा पैलवान काढला.

चाकांवरच्या घरात कोण बसणार हे हिरामणला ठाऊक होतं. त्याचीच पोरगी, जनी. माथेरानच्या हॉटेलात साहेबाच्या मॅडमनं तिला बाळासाठी ठेवून घेतलं होतं. बाळ पुण्यापर्यंत बिछान्यात झोपणार, म्हणून जनीही तिथंच.

“सांग त्याला,” हिरामण तिला म्हणाला. “बीड वाकत नाय, येकदम तुटतंय. चढावर हिसका बसला की संपलं. माजा आकडा जन्मात तुटायचा नाय.”

जनीनं मोडक्यातोडक्या हिंदुस्थानीत सांगितलं. साहेबानं दोन्ही आकडे दोन हातांत तोलून पाहिले आणि हसला.

“ये मिलिट्री का माल है!” म्हणाला, आणि काळा आकडा त्यानं हिरामणच्या हातात परत ठेवला.

“मंग तू तरी पुढं मोटारीत बस गं.”

“पुढं सायेब नि मॅडम. मागल्या बाकावर कुत्रा बसतोय, बा.”

“कुत्र्याला घाल म्हनावं घरात!”

“गप रं बा. नोकरी जाईल माजी.”

वीस वर्षांत हिरामणच्या हातचं काही मोडलं नव्हतं. ना नांगराचा फाळ, ना चाकाची धाव. त्याच हातांनी त्यानं तो बिडाचा आकडा बसवला. साहेब डोक्यावर उभा होता. पोरीला आपणच घाटात लोटतोय असं हिरामणला वाटत होतं, तरी हात बोल्ट आवळतच होते. साहेबापुढं लोहाराचं चालतंय किती? मोटार निघाली. खिडकीतून जनीनं हात केला आणि ते घर डुलत डुलत खोपोलीकडं गेलं.

हिरामणनं भाता ओढला नाही की भाकरीला हात लावला नाही. घाटाकडून येणाऱ्या प्रत्येक लॉरीपुढं तो आडवा जायचा. कुणालाच काही ठाऊक नसायचं.

उन्हं कलल्यावर एक लॉरी आपणहून थांबली. जनी खाली उतरली. कपाळाला खोक, कडेवर साहेबाचं बाळ. हिरामण धावत पुढं गेला. तिची खोक बघून तो एकदम ओरडला, “तुटला ना? सांगत हुतो ना मी!”

“तुटला, बा,” जनी म्हणाली. “वरनं मोटार आली, म्हनून सायबानं कड धरली. कडच ढासळली. सायबाची मोटार दरीत गेली. आसा हिसका बसला, आन् आकडा मोडला. घर तितंच राह्यलं, डोंगराला टेकून.”

“सायेब? मॅडम?”

जनीनं बाळाचं डोकं पदराखाली घेतलं आणि नुसती मान हलवली. बाळ तिच्या गळ्यातल्या मण्यांशी खेळत होतं.

काळा आकडा ऐरणीला टेकून सकाळचा तसाच उभा होता. जनीची नजर त्याच्यावर गेली.

“ह्यो आसता तर, बा? ह्यो बी तुटला आसता ना?”

लोखंडाबाबत हिरामण कधी खोटं बोलला नव्हता. आज बोलावं असं त्याला फार वाटलं, पण जमेना.

“नाय गं,” तो म्हणाला. “ह्यो नसता तुटला.”